‘श्वास’ चित्रपटातील कर्करोगनिदान आणि कुटुंब : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासात ‘श्वास’ या चित्रपटाची नोंद बहुधा पुरस्कारांच्या अंगाने घेतली जाते. संदीप सावंत दिग्दर्शित हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. ५१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ लाभले. १९५३ च्या ‘श्यामची आई’नंतर, म्हणजे सुमारे अर्धशतकाच्या अंतराने, हा मान मराठी चित्रपटाकडे आला होता. पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली, प्रचारखर्चासाठी लोकवर्गणी उभी राहिली आणि मराठी चित्रपटाच्या पुनरुत्थानाची चर्चा सुरू झाली. या गौरवाच्या गदारोळात एक गोष्ट मात्र काहीशी मागे पडली. ‘श्वास’ हा मूलतः एका कुटुंबावर कोसळलेल्या कर्करोगनिदानाचा चित्रपट आहे, आणि त्या निदानाला सामोरे जाताना कुटुंब नावाच्या व्यवस्थेचे काय होते हा त्याचा खरा आशय आहे. त्याची समीक्षा झाली ती प्रामुख्याने अभिनय, छायाचित्रण आणि साधेपणा यांच्या अनुषंगाने. ‘हृदयस्पर्शी’ हे विशेषण त्याला इतके वेळा लावले गेले की त्यामागील नैतिक गुंतागुंत झाकली गेली.

प्रस्तुत निबंधात या गुंतागुंतीचा विचार केला आहे. केशव विचारे या कोकणातील वृद्धाने आपल्या नातवासंदर्भात घेतलेला एक निर्णय चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. हा निर्णय बेजबाबदारपणाचा होता की कुटुंबाने आपला हक्क परत मिळवण्याचा तो एकमेव मार्ग होता, या प्रश्नाच्या उत्तरावर संपूर्ण कलाकृतीचे मूल्यमापन अवलंबून आहे. चित्रपट स्वतः या प्रश्नाचे उत्तर कोणत्या बाजूने देतो हे स्पष्ट आहे. ते उत्तर कितपत कमावलेले आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

पूर्वपरंपरा : रुग्ण आहे, घर नाही

भारतीय लोकप्रिय चित्रपटात कर्करोग १९६० च्या दशकापासून वावरतो आहे. ‘दिल एक मंदिर’ (१९६३) मध्ये तो पती, पत्नी आणि तिचा पूर्वीचा प्रियकर असलेला डॉक्टर यांच्या त्रिकोणाला धार आणण्याचे काम करतो. ‘सफर’ (१९७०) मध्ये तो प्रेमाला अपूर्णतेचे सौंदर्य देतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ने (१९७१) या परंपरेला सर्वांत उंच नेले. आतड्याच्या लिम्फोसार्कोमाने ग्रासलेला आनंद आपला आजार जाणतो, मृत्यूची अटळताही जाणतो आणि तरी भोवतालच्या माणसांना जगण्याची उमेद देत राहतो. या चित्रपटाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. परंतु एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. आनंदला कुटुंब नाही. फाळणीत त्याचे सारे गेले आहे. तो भेटेल त्याला नातलग करतो, आणि म्हणूनच त्याच्या आजाराने कोणाचे घर मोडत नाही. औषधाचा खर्च, रात्रीची जागरणे, कोणी रजा घ्यायची आणि कोणी गावी राहायचे यावरून होणारी कुरबूर, नातेवाइकांना काय सांगायचे ही अडचण, असे काहीही त्या कथेत शिरत नाही. शोक आहे, तो मित्राचा आहे. मित्राचा शोक शुद्ध असू शकतो. घरच्यांच्या शोकात हिशेब मिसळलेला असतो.

सुसान सोंटॅग यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या निबंधात क्षयरोग आणि कर्करोग यांना चिकटलेल्या रूपकांची झडती घेतली. एकोणिसाव्या शतकाने क्षयाला कोमल, कलासक्त आत्म्याचा आजार मानले आणि विसाव्या शतकाने कर्करोगाला लज्जास्पद, दडपलेल्या भावनांचा आजार ठरवले, असे त्यांचे निरीक्षण होते. आजार हा आजारच असतो, त्याला रूपक बनवणे रुग्णावर अन्याय करणारे आहे, हा त्यांचा आग्रह. भारतीय चित्रपटाने मात्र पाश्चात्त्य साहित्याने क्षयाला दिलेले स्थानच कर्करोगाला बहाल केलेले दिसते. पडद्यावरील रुग्ण देखणा राहतो, खोकल्यात रक्ताचा एखादा थेंब दिसतो आणि शेवटचे शब्द सुस्पष्ट ऐकू येतात.

या पार्श्वभूमीवर ‘श्वास’चे वेगळेपण उठून दिसते. त्यात आजाराला रूपक केलेले नाही. परशुरामला, म्हणजे परश्याला, झालेला कर्करोग त्याच्या स्वभावाविषयी काहीही सांगत नाही. तो कोणत्याही पापाचे फळ नाही, प्रेमाची कसोटी नाही, जीवनविषयक तत्त्वज्ञानाची सोयदेखील नाही. तो फक्त झाला आहे. मराठी प्रेक्षकाला हा कोरडेपणा नवा होता.

निदान : डोळे की जीव

प्रत्यक्ष घटनेवर आधारित माधवी घारपुरे यांच्या कथेतून या चित्रपटाची पटकथा सिद्ध झाली. कथानक थोडक्यात असे. कोकणातील एका खेड्यातून आजोबा आपल्या लहान नातवाला घेऊन शहरातील नेत्रतज्ज्ञांकडे येतात. सोबत मुलाचा मामा दिवाकर आहे. मुलाला नीट दिसत नाही एवढीच तक्रार. चष्म्याचा नंबर, फार तर एखादी छोटी शस्त्रक्रिया, अशी घरच्यांची अटकळ. डॉ. मिलिंद साने तपासण्या करतात आणि निदान होते ते रेटिनोब्लास्टोमाचे, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे. मुलाचा जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्या शस्त्रक्रियेत त्याची दृष्टी जाईल.

रेटिनोब्लास्टोमा हा बालवयातील कर्करोग आहे आणि त्याचे बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांखालील असतात. बाहुलीत पांढरट चकाकी दिसणे, डोळा तिरळा होणे ही त्याची आरंभीची लक्षणे. अनेकदा ती आईच्या किंवा आजीच्या नजरेला प्रथम पडतात आणि ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून सोडून दिली जातात. वेळेवर उपचार झाल्यास हा आजार बरा होण्याचे प्रमाण फार मोठे आहे. संपन्न देशांत जवळजवळ सर्व मुले वाचतात. आपल्याकडे उशिरा येणाऱ्या रुग्णांमुळे चित्र इतके आशादायक राहिलेले नाही. परश्या या आजाराच्या सरासरी वयापेक्षा मोठा दाखवला आहे. वैद्यकीयदृष्ट्या हे दुर्मीळ असले तरी अशक्य नाही, आणि कलात्मकदृष्ट्या ते अपरिहार्य आहे. दोन वर्षांच्या बालकाला दृष्टी जाणार हे सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र ते कळते, आणि कळते म्हणूनच सांगावे लागते.

येथे निदानाचे स्वरूप नेहमीच्या कर्करोगकथेहून मुळातच भिन्न आहे. सामान्यतः अशा कथेत मृत्यू हा एकच शब्द भेडसावत असतो आणि कुटुंबाचा संघर्ष तो शब्द टाळण्याचा किंवा स्वीकारण्याचा असतो. ‘श्वास’मध्ये मृत्यूला पर्याय आहे, परंतु त्या पर्यायाची किंमत कुटुंबाला स्वतःच्या हाताने मोजायची आहे. नशिबाने काही हिरावून नेले तर त्यावर रडता येते. स्वतः सही करून मुलाचे डोळे द्यायचे असतील तर रडण्यालाही अपराधाची किनार येते. केशव विचारे यांच्या वेदनेचा हा गाभा आहे. अरुण नलावडे यांनी तो संवादांपेक्षा अधिक देहबोलीतून पोचवला आहे.

शब्दांचाही येथे विचार करायला हवा. मराठीत या रोगाला ‘कर्करोग’ हा संस्कृतोद्भव प्रतिशब्द रूढ आहे. खेकड्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे ते सरळ भाषांतर. आयुर्वेदातील ‘अर्बुद’ ही संज्ञा गाठीशी संबंधित, परंतु ती ग्रंथांबाहेर फारशी आली नाही. प्रत्यक्ष व्यवहारात खेड्यापासून शहरापर्यंत सर्वत्र ‘कॅन्सर’ हाच शब्द चालतो, आणि तोही आवाज खाली आणून. वर्तमानपत्रात कर्करोग, घरात कॅन्सर, आणि शेजारी विचारले तर ‘गाठ आहे’ किंवा ‘मोठं दुखणं आहे’ असे या शब्दांचे तीन थर आहेत. रुग्णालयात त्यात चौथा थर मिसळतो, तो इंग्रजी वैद्यकीय परिभाषेचा. डॉ. साने आणि केशव विचारे एकाच मराठीत बोलत असूनही त्यांच्यात अर्थ पोचत नाही, कारण दोघे या निरनिराळ्या थरांवर उभे आहेत. डॉक्टरांच्या दृष्टीने निदान ही माहिती आहे. आजोबांच्या दृष्टीने तो घरावर आलेला प्रसंग आहे. या विसंवादाची मांडणी ही चित्रपटाची मोठी मिळकत मानावी लागेल.

सांगण्याचे ओझे

शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला सत्य कळलेच पाहिजे, असा डॉ. साने यांचा आग्रह आहे. आजोबांना ते सांगवत नाही. वैद्यकीय समाजसेविका आसावरी या दोघांमध्ये उभी राहते. चित्रपटाचा बराचसा अवकाश या एका प्रश्नाने व्यापलेला आहे : मुलाला कोणी, केव्हा आणि कसे सांगायचे?

भारतीय वास्तवाशी परिचित असलेल्या कोणालाही यातील उलटापालट जाणवेल. आपल्याकडे नेहमीचा प्रसंग वेगळा असतो. नातेवाईक डॉक्टरांच्या खोलीत आधी शिरतात आणि रुग्णाला काही सांगू नका अशी गळ घालतात. डॉक्टरही बहुधा मान्य करतात. मग अहवालाची पाकिटे कपाटात दडवली जातात, रुग्णालयाच्या नावाची पाटी रुग्णाला दिसू नये म्हणून आटापिटा होतो आणि रुग्णाला सर्व काही कळलेले असूनही तोही न कळल्याचे नाटक करतो. जागतिक कलाकृतींतही ही लपवाछपवी परिचयाची आहे. अकिरा कुरोसावा यांच्या ‘इकिरू’ (१९५२) या जपानी चित्रपटात जठराच्या कर्करोगाने आजारी असलेल्या कारकुनाला डॉक्टर साधा व्रण असल्याचे सांगतात, आणि तो आपले सत्य पोटच्या मुलालाही सांगू शकत नाही. टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ (१८८६) या दीर्घकथेत शारीरिक वेदनेहून अधिक छळ होतो तो घरातल्यांनी चालवलेल्या खोटेपणाचा.

‘श्वास’मध्ये सत्याचा आग्रह डॉक्टर धरतो आणि कुटुंब कचरते. कायद्याच्या अंगाने पाहिल्यास या आग्रहाला काटेकोर आधार सापडत नाही. चित्रपटाच्या काळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ८९ नुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी केलेल्या कृतीला पालकाची संमती पुरेशी होती, आणि कलम ९० प्रमाणे बारा वर्षांखालील मुलाची स्वतःची संमती सामान्यतः संमतीच मानली जात नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. तेव्हा डॉ. साने यांचा आग्रह कायद्याहून मोठ्या गोष्टीसाठी आहे. मुलाच्या शरीराविषयी मुलाला अंधारात ठेवून निर्णय घेऊ नये, ही वैद्यकीय नीतिशास्त्रातील तुलनेने अलीकडची धारणा आहे. ‘अंधारात ठेवणे’ हा वाक्प्रचार येथे किती क्रूर होऊन समोर येतो, हे निराळे सांगायला नको.

तत्त्व योग्य आहे. पद्धत मात्र अयोग्य आहे. अशुभ वार्ता सांगण्यासाठी कर्करोगतज्ज्ञांनी २००० साली ‘स्पाइक्स’ नावाची सहा टप्प्यांची रीत मांडली. योग्य जागा आणि वेळ निवडणे, समोरच्याला आधी काय ठाऊक आहे ते विचारणे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते पाहणे, मग सोप्या शब्दांत माहिती देणे, त्याच्या भावनांना वाव देणे आणि अखेरीस पुढची दिशा ठरवणे, असा तिचा क्रम आहे. डॉ. साने यातील चौथ्या टप्प्यावर थेट उडी घेतात. ते दुष्ट नाहीत, कामात बुडालेले आहेत. बाहेर रुग्णांची रांग आहे. संदीप कुलकर्णी यांनी या पात्राला खलपुरुष होऊ दिलेले नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. प्रेक्षकाला डॉक्टरचा राग येतो आणि त्याच वेळी त्याचे म्हणणे खरे आहे हेही कळते.

आसावरीच्या व्यक्तिरेखेला समीक्षेत फारसे महत्त्व मिळालेले नाही. वैद्यकीय समाजकार्य ही भारतात मुंबईच्या आश्रयाने वाढलेली शाखा. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आणि १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. एवढा वारसा असूनही मराठी कथा-कादंबरीत हे पद जवळजवळ अदृश्य आहे. अमृता सुभाष यांनी साकारलेली आसावरी उत्साही आहे, काहीशी अपरिपक्वही आहे. आजोबांना विश्वासात घेण्याची तिची धडपड प्रामाणिक असली तरी तिच्या प्रशिक्षणात या वृद्धाच्या मौनाचे उत्तर नाही. संस्थेने कुटुंबासाठी नेमलेली व्यक्तीदेखील अखेर संस्थेचीच राहते, हे चित्रपटाने फारसा गाजावाजा न करता दाखवून दिले आहे.

वॉर्डातून बाहेर

शस्त्रक्रिया ठरते आणि लांबणीवर पडते. मुलाला आता काहीतरी भयंकर घडणार याची चाहूल लागलेली आहे. तो बिथरतो, चिडतो, कोणाला जवळ येऊ देत नाही. आणि मग एकाएकी आजोबा आणि नातू वॉर्डातून नाहीसे होतात. रुग्णालयात शोधाशोध होते, डॉक्टर संतापतात, आसावरी हवालदिल होते. परत आल्यावर उलगडा होतो की दृष्टी जाण्यापूर्वी मुलाला डोळे भरून पाहून घेता यावे म्हणून आजोबा त्याला शहर दाखवायला घेऊन गेले होते.

या प्रसंगाचे सर्वसाधारण ग्रहण असे आहे की प्रेमाने नियमांवर मात केली आणि डॉक्टरलाही माणुसकी उमगली. हे ग्रहण चुकीचे नाही, परंतु उथळ आहे. रुग्णाला न सांगता वॉर्डाबाहेर नेणे ही रुग्णालयाच्या दृष्टीने गंभीर बाब आहे. कर्करोग झालेला, शस्त्रक्रियेची तयारी झालेला बालरुग्ण शहराच्या गर्दीत हरवला असता तर जबाबदारी कोणाची होती? डॉ. साने यांचा संताप पूर्णतः समर्थनीय आहे. चित्रपट हा संताप दाखवतो, पण त्याला तोलामोलाचा युक्तिवाद देत नाही. सत्य कळताच डॉक्टर फार लवकर विरघळतो. येथे पटकथेने आपल्या नायकाला जरा स्वस्तात सोडवले आहे, असे म्हणावे लागते.

तरीही आजोबांच्या कृतीचे मोल केवळ भावुकतेत नाही. निदान झाल्या क्षणापासून या कुटुंबाच्या हातून एकेक गोष्ट निसटत गेली होती. तारीख डॉक्टरांनी ठरवायची, कागदावर सही कोठे करायची ते परिचारिकेने दाखवायचे, मुलाशी काय बोलायचे ते समाजसेविकेने सुचवायचे. आजोबांकडे उरले होते ते फक्त होकार देणे. रुग्णालयात येणाऱ्या कोणत्याही खेडुताचा हा अनुभव आहे; आजार देहाचा असतो, परंतु ताबा साऱ्या घराचा जातो. या अवस्थेत केशव विचारे यांनी केलेली एकमेव स्वतंत्र कृती म्हणजे ही बाहेरची फेरी. ती बंडखोरी नाही, उपचाराला नकारही नाही, कारण ते नातवाला घेऊन परत येतात. गावी निघून जाणे त्यांना शक्य होते. असे निघून गेलेले रुग्ण प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या दप्तरात असतात. ते परत येतात म्हणूनच त्यांच्या जाण्याला अर्थ प्राप्त होतो. शस्त्रक्रियेला त्यांनी दिलेली खरी संमती कागदावरच्या सहीत नसून या परतण्यात आहे.

आणखी एक बाजू आहे, आणि ती निबंधाच्या मूळ प्रश्नाशी निगडित आहे. मुलाला सत्य सांगण्याचा डॉक्टरांचा आणि आसावरीचा मार्ग शब्दांचा होता. आजोबांना शब्द सापडत नव्हते. त्यांनी सांगितले ते दाखवण्याच्या रूपाने. ‘तुला आता दिसणार नाही’ हे वाक्य ज्याला उच्चारता येत नाही तो माणूस ‘हे बघ, तेही बघ’ असे म्हणत शहरभर हिंडतो, तेव्हा मुलाला कळायचे ते कळतेच. शिवाय ते एकट्याला न कळता सोबत कळते. अशुभ वार्तेच्या सहा टप्प्यांत ही तरतूद नाही. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या नकार, क्रोध, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार या पाच अवस्थांत आजोबांना बसवण्याचा मोह मराठी समीक्षकांना अनेकदा होतो. मुळात त्या अवस्था मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींतून सुचलेल्या, त्यांचा ठराविक क्रम पुढील संशोधनात टिकला नाही, आणि कुटुंबाला त्या जशाच्या तशा लागू करणे तर अधिकच धाडसाचे. केशव विचारे नकारातून स्वीकाराकडे पायरी-पायरीने जात नाहीत. त्यांच्यात दोन्ही एकाच वेळी नांदतात. नातवाला शहर दाखवणारा माणूस अंधत्व स्वीकारत असतो आणि त्याच कृतीने त्याच्याशी भांडतही असतो.

गावी राहिलेली आई

‘श्वास’मधील कुटुंब एका विशिष्ट रीतीने आखडलेले आहे. रुग्णालयात आजोबा आहेत, काही काळ मामा आहे. आई बहुतांशी गावीच आहे. ती येते ती कोकणातील आठवणींच्या दृश्यांतून, हिरव्या रंगात, पाण्याच्या आवाजासोबत. संजय मेमाणे यांच्या छायाचित्रणाने रुग्णालयाची कोंदट छटा आणि कोकणाचा मोकळा प्रकाश यांतील विरोध सातत्याने सांभाळला आहे, आणि भास्कर चंदावरकर यांच्या संगीताने त्यावर अनावश्यक भर दिलेला नाही.

मात्र आईला गावी ठेवण्याने एक महत्त्वाचा अवकाश मोकळा राहिला आहे. मुलाच्या दृष्टीविषयीचा निर्णय तिच्या अनुपस्थितीत होतो. हे वास्तवाला धरून आहे. शेतीभाती, गुरे, धाकटी मुले, दुखणेकरी सासू अशा कारणांनी बाईने गावी राहायचे आणि पुरुषांनी शहरात जायचे, ही कोकणातील रीत मुंबईच्या गिरण्यांइतकी जुनी आहे. परंतु आजारी मूल परके शहर पाहत असताना त्याच्या आईला काय कळवले गेले, ती कोणत्या शब्दांत कळवणी होती आणि ती एकटी रात्र कशी गेली, हे कोठेही येत नाही. चित्रपटाने आजोबांचे मौन जितक्या आस्थेने ऐकले तितक्या आस्थेने आईचे मौन ऐकलेले नाही. त्याच वर्षी, २००४ मध्ये, आलेल्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’शी तुलना करता हे अधिक जाणवते. तेथे आजार स्किझोफ्रेनियाचा आहे आणि सांभाळणारी आहे ती बहीण. तिचा संसार, तिची ओढाताण, तिचा कंटाळा आणि त्या कंटाळ्याची लाज हे सर्व पडद्यावर येते. शुश्रूषेत कंटाळा असतो, ही गोष्ट ‘देवराई’ला ठाऊक आहे. ‘श्वास’मधील आजोबा थकतात, हताश होतात, पण कंटाळत नाहीत. त्यांच्या प्रेमाला हा एक मानवी मुरडा मिळाला असता तर व्यक्तिरेखा उणावली नसती, उलट अधिक भरीव झाली असती.

जे चित्रपटाबाहेर राहिले

कलाकृतीने काय सांगितले नाही यावर तिला दोषी धरणे अनेकदा अन्यायाचे असते. तरीही निदानाला सामोरे जाणाऱ्या कुटुंबाचे चित्र म्हणून या चित्रपटाकडे पाहायचे झाल्यास काही मौने नोंदवावी लागतात. दोन्ही डोळ्यांना होणारा रेटिनोब्लास्टोमा हा बहुधा आनुवंशिक असतो. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये याच आजाराच्या अभ्यासावरून ‘दोन आघातां’चा सिद्धान्त मांडला, आणि पुढे तेराव्या गुणसूत्रावरील संबंधित जनुकाचा शोध लागला. याचा व्यावहारिक अर्थ असा की अशा मुलाच्या भावंडांचे डोळेही तपासावे लागतात, आणि स्वतः त्या मुलावरही पुढे आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते, कारण त्याला अन्य प्रकारचा कर्करोग होण्याचा धोका अधिक असतो. म्हणजे शस्त्रक्रियेने प्रश्न संपत नाही. घरातील पुढच्या प्रत्येक जन्मासोबत तो पुन्हा उभा राहतो, आणि ‘कोणाच्या रक्तातून आले’ हा आपल्याकडे सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणारा प्रश्नही त्यासोबत येतो. पटकथेला या वाटेने जायचे नव्हते हे मान्य. पण एवढ्या अचूक वैद्यकीय निदानावर उभ्या असलेल्या कथेत डॉक्टरांच्या तोंडी एखादे वाक्य तरी यायला हवे होते.

पैशाचा प्रश्नही कथानकाच्या कडेलाच राहतो. राज्यात गरीब रुग्णांसाठी विमा-आधारित योजना २०१२ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. चित्रपटाच्या काळी ती नव्हती. त्या काळी कोकणातून आलेल्या माणसाला शस्त्रक्रियेच्या रकमेसाठी काय विकावे लागे, हे प्रेक्षकांतील अनेकांना घरच्या अनुभवावरून ठाऊक होते.

सर्वांत मोठा प्रश्न शेवटाविषयी आहे. दृष्टी गेलेला परश्या काळा चष्मा घालून गावी परततो आणि ओळखीचे जग आवाजांतून, स्पर्शांतून पुन्हा हाती घेऊ लागतो. मुलाचा चेहरा हसरा आहे. अश्विन चितळे या बालकलाकाराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कशासाठी हे या शेवटच्या दृश्यांतही कळते. अंधत्व म्हणजे जगाचा अंत, या समजुतीला येथे चांगला तडा जातो, आणि ‘आंधळा’ या शब्दाभोवती मराठी चित्रपटाने दीर्घकाळ विणलेली दयेची जाळी पुष्कळशी फाटते. परंतु वॉर्ड आणि होडी यांच्यामधला काळ गाळलेला आहे. पहिल्यांदा पट्टी निघाली तो दिवस, रात्र आणि दिवस यांतील फरक पुसला गेलेले पहिले आठवडे, शाळा, ब्रेल शिकवणारे कोणी जवळपास आहे का हा प्रश्न, विहिरीच्या काठाची भीती, आणि ज्या आजोबांनी सही केली त्यांच्याकडे मूल रागाने तोंड फिरवते तो प्रसंग, हे सर्व या गाळलेल्या काळात आहे. आजोबांना नातवाने क्षमा केली असे चित्रपट गृहीत धरतो. ती क्षमा घडताना दाखवत नाही. कदाचित ती घडली नसेलही. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपला जीव वाचला याची कृतज्ञता वाटत नाही, त्याला फक्त आपले डोळे गेले हे कळते. ती कृतज्ञता वाटायला त्याला आणखी पुष्कळ वर्षे लागतील, आणि तोवर आजोबा हयात असतीलच असे नाही.